अमेरिकेतील बालबेसबॉल आणि कुटुंबाचा जमाखर्च

१. प्रश्नाचे स्वरूप

बेसबॉल हा खेळ मराठी वाचकाला सर्वस्वी अपरिचित नसला, तरी तो खेळणाऱ्या मुलांच्या घरांत गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे स्थित्यंतर घडून आले, आणि त्याच्या इष्टानिष्टतेविषयी वैद्य, समाजशास्त्रज्ञ, क्रीडासंस्थांचे कारभारी व खुद्द आईबाप यांच्यामध्ये अमेरिकेत जो वाद चालू आहे, त्याची वार्ता आपल्याकडे क्वचितच पोहोचते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला निवडचाचणीस बसवून खाजगी संघात घालावयाचे, त्या संघाची वर्गणी भरावयाची, हिवाळ्यात बंदिस्त जागेत पगारी शिक्षकाकडून त्याची फेक व फटका घोटून घ्यावयाचा, आणि वसंतापासून शरदापर्यंत जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवारी मोटार हाकीत परगावच्या स्पर्धेला जावयाचे, हा तेथील असंख्य मध्यमवर्गीय घरांचा आता शिरस्ता झाला आहे. या व्यवस्थेला 'ट्रॅव्हल बॉल' असे नाव आहे. ज्या वस्तीत मूल राहते त्या वस्तीच्या संघात सर्वांनी मिळून खेळण्याची जी जुनी रीत, तिच्याहून वेगळी म्हणून हे नाव पडले.

या व्यवस्थेची पूर्वपीठिका, तिचा खर्च, मुलाच्या शरीरावर व घरातील नात्यांवर होणारे तिचे परिणाम, आणि तिच्यातून वगळल्या जाणाऱ्यांची कैफियत या क्रमाने विषय मांडण्याचा येथे इरादा आहे. उभय पक्षांचे म्हणणे नीट ऐकून घेतल्यावर एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही, ती अशी की संघ आपल्या सामन्यांपुरती नोंद ठेवतो, शाळा आपल्या हंगामापुरती आणि शिक्षक आपल्या तासापुरती. परंतु मुलाने वर्षभरात एकूण किती चेंडू फेकले, घरातून एकूण किती पैसे गेले आणि किती रविवार गेले, याचा सबंध हिशेब ठेवण्याची जबाबदारी घराखेरीज कोणावरच नाही. वादाच्या प्रत्येक शाखेत ही उणीव पुन्हा समोर येते.

२. पूर्वपीठिका

१९३९ साली पेनसिल्व्हानिया राज्यातील विल्यम्सपोर्ट या गावी कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थाने, मोठ्यांच्या मैदानावर लहान मुलांची होणारी ओढाताण पाहून, बेसबॉलचे मैदानच आकसून लहान करण्याची कल्पना काढली. मोठ्यांच्या खेळात एका टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत नव्वद फूट अंतर असते. त्याने ते साठ फूट केले. त्या वर्षी तीन संघ उभे राहिले, आणि गावातील एक दुग्धालय, एक लाकडाची वखार व एक खाद्यपदार्थांची कंपनी यांच्या आश्रयाने मुलांना गणवेश मिळाले. एका संघाच्या गणवेशांसाठी त्या काळी थोडेच डॉलर पुरले. हीच पुढे जगभर पसरलेली 'लिटल लीग'. ठरावीक सरहद्दीतील मुले, वडीलमंडळीच शिक्षक, थोड्या महिन्यांचा हंगाम आणि मग मुलांना दुसऱ्या खेळांसाठी मोकळीक, असा तिचा मूळ साचा होता. १९४७ साली तिची पहिली मोठी स्पर्धा झाली, १९६४ साली संघराज्याच्या कायदेमंडळाने तिला सनद दिली, आणि न्यू जर्सीतील एका मुलीच्या प्रकरणी लागलेल्या निकालानंतर १९७४ पासून तिची दारे मुलींना उघडली.

आजचा वाद नवा आहे असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. संस्था वाढली, मोठे उद्योग तिच्या पाठीशी उभे राहिले, आणि १९५५-५६ च्या सुमारास खुद्द स्टॉट्झ याचाच कारभाऱ्यांशी बेबनाव होऊन मामला न्यायालयापर्यंत गेला. आपण मुलांसाठी काढलेल्या खेळाला व्यापाराचे वळण लागत आहे, ही त्याची फिर्याद होती. तो संस्थेतून बाहेर पडला आणि जुन्याच रीतीने आपल्या गावात मुलांना खेळवीत राहिला. लिटल लीगमधून निघून व्यावसायिक खेळात पोहोचलेला पहिला खेळाडू जोई जे याने १९६५ साली मासिकात लेख लिहून आईबापांच्या अतिरेकाविषयी इशारा दिला होता. म्हणजे ज्या जुन्या व्यवस्थेची आज सुवर्णयुग म्हणून आठवण काढली जाते, तिच्याविरुद्धही हीच तक्रार तिच्या भर उत्कर्षात झाली होती, हे आढावा घेणाऱ्याने नोंदविले पाहिजे.

तथापि १९८० नंतर, आणि विशेषेकरून १९९० नंतर, जे घडले ते केवळ प्रमाणाने मोठे होते असे नव्हे, तर ते निराळ्या जातीचे होते. जॉर्जिया राज्यातील मॅरिएटा येथील ईस्ट कॉब या संस्थेने दूरदूरची निवडक मुले एकत्र करून संघ बांधले; आयोवातील सीडर रॅपिड्स येथे जेरी फोर्ड याने 'परफेक्ट गेम' नावाची संस्था काढून, तरुण खेळाडूंना मोठ्या मैदानावर पारखणाऱ्यांच्या नजरेखाली आणण्याचा, म्हणजे 'शोकेस'चा, व्यवसाय उभारला; आणि १९९६ साली न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथे, बेसबॉलच्या स्मारकसंग्रहालयाच्या पंचक्रोशीत, बारा वर्षांच्या मुलांच्या संघांसाठी आठवडाभराच्या स्पर्धांचे एक विस्तीर्ण क्रीडाग्राम उघडले. अलीकडे या क्षेत्रात मोठे भांडवलही उतरले आहे. २०२४ साली पुढे आलेल्या 'अनरायव्हल्ड स्पोर्ट्स' या कंपनीकडे कॅल रिपकेन या माजी व्यावसायिक खेळाडूच्या नावाने चालणारी मैदाने आणि कूपर्सटाउनचे एक क्रीडाग्राम, ही दोन्ही आहेत.

ही वाढ का झाली, याची कारणे अनेक सांगितली जातात. त्यांतील दोन प्रस्तुत लेखकाला विशेष सयुक्तिक वाटतात. पहिले कारण पंचांगाचे आहे. शाळांचा बेसबॉल हंगाम वसंतात असतो आणि महाविद्यालयांचाही वसंतातच असतो. त्यामुळे नवे खेळाडू हेरणारा महाविद्यालयीन संघाचा शिक्षक शाळेच्या सामन्यांना फारसे जाऊ शकत नाही, आणि ज्या उन्हाळ्यात तो मोकळा असतो त्या उन्हाळ्यात शाळेचा संघ अस्तित्वातच नसतो. एकाच मैदानसमूहात शेकडो मुले एका वेळी पाहावयास मिळत असतील, तर त्याने तेथेच जावे हे ओघाने आले. दुसरे कारण घरगुती आहे. वस्तीच्या संघात शिक्षक हा कोणाचा तरी बाप असतो, आणि मोक्याच्या जागी तो आपल्याच मुलाला उभा करतो, या तक्रारीला तेथे 'डॅडी बॉल' असे रूढ नाव आहे. पगारी, त्रयस्थ शिक्षकाची ओढ बहुतांशी या अनुभवातून उत्पन्न झाली. जे आईबाप खाजगी संघाकडे वळले ते सगळे महत्त्वाकांक्षेनेच वळले असे मानणे अन्यायाचे होईल.

३. पैशाचा तपशील

ॲस्पेन इन्स्टिट्यूटच्या 'प्रोजेक्ट प्ले' या उपक्रमाने केलेल्या पाहणीनुसार, २०२४ साली अमेरिकन कुटुंबाने आपल्या मुलाच्या मुख्य खेळावर सरासरी १,०१६ डॉलर खर्च केले. २०१९ च्या तुलनेने ही वाढ ४६ टक्के होती. ही सर्व खेळांची मिळून सरासरी आहे, आणि सरासरीच्या आड बरेच काही दडते; जे घर वस्तीच्या संघावर समाधानी आहे त्याचा खर्च याहून पुष्कळ कमी असतो, आणि जे घर प्रवासी संघात पूर्णपणे गुंतले आहे त्याचा खर्च याच्या कितीतरी पट होतो. कूपर्सटाउनच्या एका आठवड्यासाठीच प्रत्येक मुलामागे हजार डॉलरांहून अधिक शुल्क पडते, आणि त्यात आईबापांचे राहणे-जेवणे धरलेले नसते.

कुटुंबांच्या तक्रारी ऐकल्या, तर मूळ वर्गणीपेक्षा मागून येणाऱ्या रकमांनी ती अधिक त्रासलेली दिसतात. गणवेश आणि त्याच्या जोडीला दुसरा गणवेश, दर दोन-तीन वर्षांनी अंगाला अपुरी पडणारी आणि शेकड्याने डॉलर किमतीची बॅट, खाजगी शिकवणी, मैदानाच्या फाटकाशी प्रेक्षक म्हणून आईबापांनीच भरावयाचे प्रवेशशुल्क, ही बाबींची यादी लांबत जाते. त्यातही, परगावच्या संघाने स्पर्धेत भाग घ्यावयाचा असेल तर आयोजकांनी नेमून दिलेल्या हॉटेलांतच उतरले पाहिजे, अशी जी अट अनेक ठिकाणी घातली जाते, तिच्याविषयीचा रोष सर्वत्र आढळतो. आयोजकांचे म्हणणे असे की, मैदाने राखणे, पंच मिळविणे आणि विमा उतरविणे हे स्वस्तात होत नाही, व हॉटेलांच्या मोबदल्यातूनच स्पर्धेचे शुल्क आटोक्यात राहते. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. मात्र हॉटेलाकडून आयोजकाला काय मिळते हे कुटुंबाला सांगितले जात नाही, तोवर त्याची पारख करण्याचे साधन कुटुंबाजवळ नसते.

हा खर्च शिष्यवृत्तीच्या आशेने केला जातो, असा एक समज आहे. शाळांतून बेसबॉल खेळणारी मुले साडेचार लाखांहून अधिक आहेत. त्यांपैकी शेकडा सातच्या आसपास कोणत्या ना कोणत्या श्रेणीच्या महाविद्यालयीन संघात पोहोचतात, आणि सर्वांत वरच्या श्रेणीत शेकडा दोनच्या आसपास. शिवाय वरच्या श्रेणीतील संघालाही अलीकडेपर्यंत केवळ ११.७ शिष्यवृत्त्या देण्याची मुभा होती, आणि त्या सत्तावीस खेळाडूंपर्यंत तुकडे करून वाटल्या जात. २०२५ च्या जूनमध्ये मान्य झालेल्या न्यायालयीन तडजोडीने शिष्यवृत्त्यांची मर्यादा काढून, त्या तडजोडीत सामील झालेल्या महाविद्यालयांवर संघातील खेळाडूंचीच संख्या चौतीस ठेवण्याचे बंधन घातले; त्यामुळे काही ठिकाणी पैसा वाढेल आणि जागा घटतील. केवळ द्रव्यलाभाच्या दृष्टीने पाहिले तर हा व्यवहार बहुतेक घरांना तोट्याचाच आहे.

परंतु समर्थक यावर जे उत्तर देतात ते ऐकण्याजोगे आहे. पियानो शिकविणारा कोणता बाप मुलगी वादक होऊन फी परत करील अशा हिशेबाने शिकवितो, असे ते विचारतात. मुलाला जे आवडते ते त्याला उत्तम शिक्षकाकडून शिकावयास मिळावे, त्याला चांगली संगत लाभावी, आणि आपल्याला त्याच्याबरोबर चार दिवस घालवावयास मिळावेत, एवढ्यासाठीच आपण खर्च करतो, असे सांगणारे आईबाप पुष्कळ आहेत आणि त्यांच्या प्रामाणिकपणावर संशय घेण्याचे कारण नाही. अडचण अन्यत्र आहे. यूटा स्टेट विद्यापीठातील ट्रॅव्हिस डॉर्श व त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, उत्पन्नाच्या मानाने खेळावरचा खर्च जसजसा वाढतो, तसतसे मुलाला आईबापांचे दडपण अधिक जाणवते आणि खेळातील त्याचा आनंद ओसरतो. पैसे परत मिळावेत अशी अपेक्षा बापाने उच्चारली नाही, तरी मूल ती वाचते.

४. हाताचा हिशेब

या वादाची सर्वांत भक्कम पुराव्यानिशी मांडलेली बाजू वैद्यकाची आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिणे प्राप्त आहे. क्रिकेटमधील गोलंदाज कोपर सरळ राखून हात फिरवितो, आणि त्याचा भार पाठीवर, खांद्यावर व गुडघ्यावर पडतो. बेसबॉलमधील फेकणारा, म्हणजे पिचर, कोपर वाकवून हात मागे नेतो आणि क्षणार्धात पुढे झटकतो, आणि त्या झटक्याचा मोठा ताण कोपराच्या आतल्या अंगाच्या एका लहानशा अस्थिबंधावर येतो. वाढत्या मुलात हाडाच्या टोकाशी असलेला वाढीचा भाग अद्याप कूर्चेचा असतो, आणि अस्थिबंध तुटण्यापूर्वी तो भागच फाकतो. १९६० साली क्ष-किरणतज्ज्ञांनी या विकाराला 'लिटल लीग एल्बो' हे नाव दिले, आणि ते आजही वैद्यकीय दफ्तरांत कायम आहे.

२५ सप्टेंबर १९७४ रोजी लॉस एंजेलिस येथे डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या व्यावसायिक पिचरच्या डाव्या कोपरातील तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्याच उजव्या हातातील स्नायुरज्जू बसविला. १९७६ साली तो मैदानात परतला, १९८९ पर्यंत खेळला, आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने १६४ सामने जिंकले. शल्यकर्माचा हा विजय निःसंशय मोठा होता. परंतु प्रौढ खेळाडूसाठी योजलेला हा उपाय पुढे मुलांच्या वाट्यास आला. २००७ ते २०११ या काळातील अशा शस्त्रक्रियांची विम्याच्या नोंदींवरून पाहणी केली असता, त्यांतील ५६.७ टक्के शस्त्रक्रिया पंधरा ते एकोणीस वर्षे वयाच्या रुग्णांवर झाल्याचे आढळले. याहून चिंताजनक वाटते ती २०१२ साली प्रसिद्ध झालेली दुसरी पाहणी: इजा झालेली नसतानाही केवळ खेळ सुधारावा म्हणून ही शस्त्रक्रिया करून घेणे योग्य, असे शाळकरी खेळाडूंपैकी ५१ टक्क्यांना आणि आईबापांपैकी ३७ टक्क्यांना वाटत होते.

इजा कशाने होते, याविषयी अलाबामातील बर्मिंगहॅम येथे डॉ. जेम्स अँड्र्यूज यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटचे काम पायाभूत मानले जाते. २००६ सालच्या त्यांच्या तुलनात्मक अभ्यासात, वर्षातून आठ महिन्यांहून अधिक काळ फेकणाऱ्या मुलांमध्ये शस्त्रक्रियेची पाळी येण्याचे प्रमाण पाचपट, आणि हात थकला असतानाही नियमितपणे फेकत राहणाऱ्यांमध्ये छत्तीसपट आढळले. हे आकडे शस्त्रक्रिया झालेल्यांना मागाहून विचारून काढलेले असल्याने त्यांना स्मृतिदोषाची मर्यादा आहे. परंतु ४८१ मुलांचा दहा वर्षे पाठपुरावा करून २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, एका वर्षात शंभर डावांहून अधिक फेकणाऱ्यांना गंभीर इजा होण्याचा संभव साडेतीनपट दिसून आला. अतिवापर हे मुख्य कारण आहे, याविषयी आता वैद्यांत मतभेद जवळजवळ उरलेला नाही.

मतभेद आहे तो अन्य बाबींविषयी. वळणारा चेंडू, म्हणजे 'कर्व्हबॉल', लहान वयात शिकवू नये असा वडीलधाऱ्यांचा जुना दंडक आहे, आणि २००२ च्या एका पाहणीत अशा फेकींचा संबंध खांद्याच्या व कोपराच्या दुखण्याशी दिसलाही होता; परंतु पुढे प्रयोगशाळेत मोजणी केली असता, सरळ वेगवान फेकीचा कोपरावरील ताण वळणाऱ्या फेकीपेक्षा कमी नसल्याचे आढळले. जड-हलके चेंडू वापरून वेग वाढविण्याची जी शिकवण आज प्रशिक्षणकेंद्रांत लोकप्रिय आहे, तिच्याबाबतही असाच पेच आहे. २०१८ साली अडतीस शाळकरी पिचरांवर केलेल्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात, दोन औंसांपासून दोन पौंडांपर्यंतचे चेंडू वापरणाऱ्या गटाचा वेग वाढला खरा, परंतु त्या गटातील सुमारे चोवीस टक्के मुलांना इजा झाली. या पद्धतीचे पुरस्कर्ते म्हणतात की प्रयोगातील वजने अवास्तव होती आणि मात्रा सांभाळली तर धोका नाही. मोठ्या व्यावसायिक संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानेही वेगाच्या हव्यासाकडे आणि प्रत्येक फेक पूर्ण ताकदीने टाकण्याच्या सवयीकडे बोट दाखविले, व ही सवय लहान वयातच लागते असे नमूद केले. शोकेसच्या मैदानावर वेगमापक यंत्र रोखून बसलेली माणसे पाहिली म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाला याहून वेगळे काही सुचेल तरी कसे?

उपाय म्हणून नियम झाले आहेत. लिटल लीगने २००७ पासून डावांऐवजी फेकी मोजण्याचा नियम आणला. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने एका दिवसात पंच्याऐंशी फेकींवर थांबावे, आणि सहासष्ट किंवा अधिक फेकी झाल्या तर चार दिवस विसावा घ्यावा. २०१४ साली व्यावसायिक संघटना व यूएसए बेसबॉल यांनी मिळून 'पिच स्मार्ट' नावाची मार्गदर्शिका काढली, आणि २०१७ पासून शाळांच्या राष्ट्रीय महासंघाने प्रत्येक राज्याला फेकमर्यादा ठरविणे सक्तीचे केले. नियम चांगले आहेत. परंतु जे मूल शुक्रवारी शाळेसाठी, शनिवारी प्रवासी संघासाठी आणि मंगळवारी शिकवणीत फेकते, त्याच्या तीन ठिकाणच्या फेकी तीन निरनिराळ्या वह्यांत लिहिल्या जातात, आणि प्रत्येक वहीत त्याचा हात विश्रांत असल्याचेच दिसते. मुलाने एकाच वेळी अनेक संघांत खेळू नये, असे पिच स्मार्ट सांगते. ते पाहणारा अंमलदार कोणीही नाही.

५. घरातील नाती

शरीराचा पुरावा मोजता येतो. घराचा अनुभव तसा मोजता येत नाही, आणि येथे अभ्यासकांची मतेही एकसुरी नाहीत. समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी मिनेसोटा व न्यू इंग्लंडमधील लिटल लीगच्या संघांबरोबर हंगाम काढून १९८७ साली लिहिलेल्या ग्रंथात दाखविले की, मोठी माणसे मैदानावर श्रम व शिस्त यांचे पाठ देत असतात, तर मुले त्याच मैदानावर आपली स्वतंत्र दुनिया रचीत असतात. ॲनेट लारो यांनी २००३ साली मध्यमवर्गीय घरांतील जोपासनेचे वर्णन केले, त्यात दिनदर्शिका मुलांच्या वर्गांनी व सामन्यांनी भरलेली, आईबाप थकलेले आणि भावंडे एकमेकांवर चिडलेली आहेत; परंतु त्याच घरांतील मुले वडीलधाऱ्यांशी निर्भयपणे बोलावयास शिकतात, हेही त्यांनी नोंदविले. प्रवासी संघांतील कुटुंबांच्या कथनांत या दोन्ही बाजू भेटतात. मोटारीतील लांब प्रवासात मुलगा जे बोलला ते घरी कधी बोलला नसता, असे सांगणारे बाप आहेत; आणि हरलेल्या सामन्यानंतरचा परतीचा प्रवास हीच आपल्या खेळाची सर्वांत वाईट आठवण, असे सांगणारी मोठी झालेली मुलेही आहेत. धाकट्या बहिणीचे बालपण लोखंडी बाकांवर बसून गेले, याची दखल मात्र फार थोड्यांनी घेतली आहे, आणि डबे, कपडे, वेळापत्रक यांचा जो भार बहुतांशी आईवर पडतो त्याचीही.

माइक मॅथेनी या माजी व्यावसायिक खेळाडूने मुलांच्या एका संघाचे शिक्षकपद पत्करण्यापूर्वी आईबापांना पत्र लिहून कळविले होते की, या संघातील सर्वांत मोठी अडचण तुम्हीच आहात, सबब सामन्याच्या वेळी आपण स्वस्थ बसून पाहावे. ते पत्र देशभर वाचले गेले आणि २०१५ साली त्याचे पुस्तक झाले. ते ज्यांनी उचलून धरले त्यांत आईबापच अधिक होते, यावरून आपल्या हातून काय होत आहे याची जाणीव कुटुंबांना नाही असे म्हणवत नाही.

येथे आपल्या लोकांचा संबंध येतो. पवन धिंग्रा यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, अमेरिकेतील भारतीय कुटुंबे मुलांना शब्दलेखनाच्या स्पर्धांत व गणिताच्या जादा वर्गांत ज्या निष्ठेने घालतात तिचा अभ्यास केला आहे. आणि शेजारचे गोरे कुटुंब मुलाला खेळाच्या शिकवणीला नेते तसेच आम्ही गणिताच्या शिकवणीला नेतो, ही त्या आईबापांची बाजू त्यांनी सहानुभूतीने मांडली आहे. त्यांच्यातील मराठी घरांत दुसऱ्या पिढीची मुले आता बेसबॉलही खेळू लागली आहेत, आणि महाराष्ट्र मंडळाची रविवारची मराठी शाळा व रविवारचा सामना यांत निवड करण्याचा प्रसंग त्यांच्यावर येतो. इकडे शिवाजी पार्कवर भल्या पहाटे किट घेऊन उभ्या असलेल्या आईबापांना यात काही परके वाटू नये.

६. वगळलेल्यांची बाजू

१९५५ साली दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टन येथील कृष्णवर्णीय मुलांचा एक संघ राज्यस्पर्धेस पात्र ठरला, तेव्हा गोऱ्या मुलांचे सर्व संघ स्पर्धेतून माघारी गेले, आणि सामनाच न झाल्याने त्या मुलांना विल्यम्सपोर्टच्या मैदानात केवळ प्रेक्षक म्हणून बसावे लागले. त्या काळचा अडसर उघड होता. आजचा अडसर शुल्काचा आहे, आणि तो कोणाचे नाव घेऊन दार लावीत नाही. फ्लोरिडातील फोर्ट मीड या गावी गरिबीत वाढलेला व्यावसायिक खेळाडू अँड्र्यू मॅककचेन याने २०१५ साली लिहिलेल्या लेखात सांगितले की, एका शिक्षकाने पदरचा आधार दिला नसता, तर गुण असूनही त्याला कोणी पाहिले नसते. १९८१ च्या सुमारास व्यावसायिक संघांत कृष्णवर्णीय अमेरिकनांचे प्रमाण अठरा टक्क्यांच्या वर होते. अलीकडे ते सहा टक्क्यांच्या आसपास आले आहे. ही घट सर्वस्वी प्रवासी संघांमुळे झाली असे म्हणता येणार नाही, कारण बास्केटबॉल व फुटबॉल यांची ओढ, महाविद्यालयीन शिष्यवृत्त्यांचे तुकडे आणि शहरांतील मैदानांची दुरवस्था हीही कारणे आहेत. १९८९ साली लॉस एंजेलिसमध्ये जॉन यंग याने सुरू केलेली, शहरी वस्त्यांत बेसबॉल पुन्हा रुजविण्याची योजना अनेक शहरांत पसरली. तिच्यातून व्यावसायिक खेळाडू निघाले, परंतु एकूण प्रमाण अद्याप पूर्वपदावर आलेले नाही.

७. जे अनिर्णित आहे

वर्षभर एकच खेळ लहानपणापासून खेळावा की नाही, हा पहिला प्रश्न. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली सल्ला दिला की, पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एका खेळाला वाहून घेऊ नये. दुसरीकडे, एकशे दोन व्यावसायिक बेसबॉलपटूंच्या २०१७ च्या पाहणीत जवळजवळ निम्म्यांनी आपण लहान वयातच बेसबॉलला वाहून घेतल्याचे सांगितले, आणि त्याच गटात गंभीर इजांचे प्रमाणही अधिक निघाले. वरपर्यंत पोहोचलेल्यांना विचारून काढलेल्या अशा निष्कर्षात वाटेत गळालेल्यांची साक्ष येत नाही, हा दोष दोन्ही पक्षांच्या पुराव्यात आहे.

दुसरा प्रश्न नियमनाचा आहे. जपानमध्ये शाळकरी बेसबॉलवर एकाच महासंघाचा अंमल आहे, त्यामुळे २०२० पासून आठवड्याला पाचशे फेकींची मर्यादा तेथे एका ठरावाने लागू करता आली. नॉर्वेत मुलांच्या क्रीडाहक्कांची सनद १९८७ पासून आहे, आणि तेरा वर्षांखालील मुलांसाठी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा भरविल्या जात नाहीत. अमेरिकेत क्रीडाखातेच नाही. कायदेमंडळाने नेमलेल्या आयोगाने मार्च २०२४ मध्ये तळच्या खेळांसाठी स्वतंत्र सरकारी कचेरी असावी अशी शिफारस केली. खाजगी संस्थांना तीत हस्तक्षेप दिसतो, आणि अनेक आईबापांनाही आपल्या मुलाने किती खेळावे हे सरकारने ठरवू नये असे वाटते. प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, फेकींची एकत्रित नोंद ठेवणे हे शुल्क किंवा वयोमर्यादा यांवर बंधन घालण्यापेक्षा पुष्कळ सोपे, कमी वादग्रस्त आणि तातडीचे काम आहे. ते प्रथम व्हावे.

तूर्त तशी नोंद कोणी ठेवीत नाही. नऊ ते बारा वर्षांच्या मुलाने वर्षातून किमान चार महिने चेंडू फेकणे बंद ठेवावे आणि त्यांतील दोन-तीन महिने सलग असावेत, असे पिच स्मार्टमध्ये स्पष्ट लिहिले आहे. उत्तरेकडील राज्यांत बंदिस्त प्रशिक्षणकेंद्रांचे हिवाळी वर्ग भरतात ते नेमके याच महिन्यांत. ज्या मराठी आईबापांची मुले तेथे या खेळात आहेत, त्यांना इतकीच विनंती आहे की, शाळा, संघ व शिकवणी यांतील मुलाच्या सर्व फेकी तारीखवार एकाच वहीत लिहाव्यात, आणि हिवाळ्याचे शुल्क भरण्यापूर्वी ती वही मुलाच्या वैद्याला दाखवावी.